तिरफळ बाजूला काढा

फ्रीगंजातल्या दुर्गाबाई सावंतांचा पारा त्या दिवशी सकाळीच चढला होता. का चढू नये? दारातलं तिरफळाचं झाड त्यांनी लेकरासारखं वाढवलेलं. माहेरच्या रानातलं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन कोकणातून उज्जैनला आणलं. माळव्याच्या थंडीत त्याला गोणपाट नेसवलं. खोडभर काटे, हे खरं; पण फळाचा वास असा, की आमटीत दोन टाकली तर शेजारी विचारत येत.

आणि ते आज तोडायचं म्हणे! मुलाचं, अनिकेतचं, लग्न जुळेना, म्हणून त्यांच्या यजमानांनी, वसंतरावांनी, देवास गेटचे वास्तुवाले महाराज आणले. महाराजांनी एकदाच वर पाहिलं. "दरवाज़े पर काँटेवाला पेड़? बहू कैसे आएगी?" झालं! वसंतरावांनी लगेच कुऱ्हाडवाला बोलावला.

"अहो, तुमचा मुलगा मुलींसमोर तोंड उघडत नाही, त्यात झाडाचा काय गुन्हा?"

"हळू बोल गं, महाराज ऐकतायत."

"ऐकू देत की! फुकटचं जेवायला बरे बसलेत!"

पण पाहुणा तो पाहुणा. दुर्गाबाईंनी पान वाढलं. खोबऱ्याच्या वाटपाची आमटी, तीत ठेचलेली तिरफळं. आता यांच्या घरची रीत अशी, बरं का, की जावई असो की गॅसवाला, पहिल्या घासाआधी दुर्गाबाई बजावणारच, "तिरफळ चावू नका हं, बाजूला काढा." वसंतराव बाहेर कुऱ्हाडवाल्याशी घासाघीस करत होते. आज मात्र दुर्गाबाईंनी ओठ घट्ट मिटले.

महाराजांनी तिरफळ मजेत चावलं. क्षणभरात जीभ झिणझिणली, ओठ बधिर, तोंडाला लाळेची धार. तांब्याभर पाणी प्यायले, तर मुंग्या दुप्पट!

"ये... ये थ्या था?"

दुर्गाबाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "उसी का फल है. जिसको आप कटवा रहे हो."

महाराज ताडकन उठले, उलट्या चपला घातल्या, झाडाला लांबूनच हात जोडले. "मत थेड़ो इसे! दागृत है, दागृत!" आणि फाटकाबाहेर पसार.

वसंतरावांचा चेहरा पांढराफटक. कुऱ्हाडवाल्याला हातखर्ची देऊन परत पाठवलं आणि आत जाऊन शेंदराची वाटी घेऊन आले.

झाड वाचलं, पण दुर्गाबाईंचा राग? तो आता कुठे खरा पेटला. पदर खोचून त्या खोडापुढे उभ्या राहिल्या.

"एक बोट लावून बघा! जागृत नाही नि बिगृत नाही, मसाला आहे तो! उद्या आमटीला फळं काय देवाच्या अंगावरून ओरबाडू?"