दादाने बांधलेल्या दोन गॅलऱ्या

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या गॅलरीच्या फरश्या उखडलेल्याच होत्या. त्याच आठवड्यात त्याने त्या काढून घेतल्या होत्या. माझा हा थोरला भाऊ सिव्हिल इंजिनिअर. सुदामा नगरातलं आमचं घर त्यानेच बांधलेलं. खालून बघाल तर गॅलरी ठणठणीत. पण भिंतीबाहेर आलेल्या गॅलरीचा भार वरच्या सळ्यांवर असतो, आणि त्यांच्यावरचा काँक्रीटचा थर पातळ राहिला होता. धुण्याचं पाणी मुरत गेलं, सळ्या गंजल्या. गंज फुगतो, काँक्रीटला तडे पाडतो, मग आणखी पाणी... दादाने खरवडलं तशी पापुद्र्यांची रास निघाली. आत सळी जेमतेम उरलेली.

"चेक करायचं काम माझं होतं, नंदू," तो म्हणाला. "समोरच्या वहिनींची गॅलरीही तेव्हाच टाकली होती. त्यांना सांगावं लागेल. पण हिंमतच नाही होत आहे." एरवी चारचौघांत ठेकेदारांना झापणारा दादा माझ्याकडे बघतही नव्हता. त्याचं सांगायचं राहूनच गेलं.

नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्या कामाचे गोडवे गायचा. दादाला भिया म्हणणाऱ्या समोरच्या वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "भियांनी बांधलंय ना ताई, सौ साल काही नाही होत." मी मान डोलावली. गेलेल्या भावाचं नाव खराब होऊ नये म्हणून गप्प बसले, आणि त्या रोज त्याच गॅलरीत कपडे वाळत घालत राहिल्या. लिहितानाही माझी मलाच लाज वाटते आहे.

मग एका सकाळी त्यांची लेक माहेरी आली आणि मायलेकी तिथेच खुर्च्या टाकून चहाला बसल्या. मी अनवाणीच धावले. "आत व्हा! आधी आत व्हा!" मग सगळं सांगितलं, दादाची चूकसुद्धा. वहिनींनी लेकीला हाताला धरून आत ओढलं.

"इतके दिवस तुम्हाला पता होतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

आता त्या गॅलरीला खालून लाकडी बल्ल्यांचे टेकू आहेत. आपण बांधलेल्या घरातून निघताना फाटकाशी थांबून एकदा वर बघायची दादाला सवय होती. काल वहिनींच्या फाटकाशी माझेही पाय तसेच थांबले... गल्लीत त्याचं कौतुक आता कोणी करत नाही. दादाला ते चाललं असतं. मला मात्र अजून सोसत नाही, आणि याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते.