रेडियमचं काम

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या सभागृहात मी चार व्याख्यानं द्यायचं कबूल केलं. वसईतल्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवते आणि निवृत्तीला आता थोडाच काळ उरलाय. फादरांना वाटत होतं, मुलांच्या क्विझ आणि गायनस्पर्धा होतातच, मोठ्यांसाठीही काहीतरी व्हावं. विषय मीच निवडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ती पंचवीस-तीस वर्षं, जेव्हा अणूच्या आत काय आहे ते माणसाला पहिल्यांदा कळायला लागलं.

पहिलं व्याख्यान तेलाच्या थेंबांचं होतं. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये तेलाचा बारीकसा थेंब अधांतरी धरून इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार कसा मोजला, ते सांगायला मी घरून अत्तराची फुसफुस करणारी बाटली नेली होती. लोक हसले, त्यांनी प्रश्न विचारले. पप्पा तिसऱ्या रांगेत बसले होते. नव्वदीला टेकलेत, पण इस्त्रीचा शर्ट घालून, पापडीहून रिक्षा करून एकटे आले होते. व्याख्यान संपल्यावर शेजारच्या माणसाला सांगत होते, "माझी मुलगी."

दुसरं व्याख्यान रेडियमचं.

मी गोष्ट चांगली सांगते, हे मला माहीत आहे. गळक्या शेडमध्ये एक बाई आणि तिचा नवरा काळी माती टनांनी उकळत बसलेत, बाई स्वतःच्या उंचीएवढ्या लोखंडी सळीने ती ढवळतेय, आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर हाती आली ती चिमूटभर पांढरी भुकटी. अंधारात निळसर उजेड देणारी. मग साऱ्या जगाला तिचं वेड लागलं. तोंडाला लावायच्या क्रीममध्ये रेडियम, प्यायच्या पाण्यात रेडियम. आणि घड्याळांच्या तबकड्यांवर, म्हणजे अंधारात आकडे दिसावेत.

ते आकडे रंगवायला अमेरिकेत कारखान्यांनी तरुण मुली ठेवल्या. ब्रशचं टोक बारीक राहावं म्हणून मुली ते ओठांत धरून ओल्या जिभेने टोकदार करायच्या, पुन्हा रंगात बुडवायच्या. शरीराला रेडियम आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही, ते हाडांत जाऊन बसतं. इथे मी जरा थांबले, आवाज खाली आणला आणि म्हटलं, "आणि मग त्यांचे दात पडायला लागले. दातांमागून जबडा." सभागृहात फक्त पंख्यांचा आवाज उरला. कोणीतरी "अरे देवा" म्हटलं. मी मनातून सुखावले. मग त्या मुली कोर्टात कशा गेल्या, काहींना स्ट्रेचरवरून कसं नेलं, तेही सांगितलं. टाळ्या बऱ्याच वाजल्या.

बाहेर आले तर पप्पा आवारातल्या माउलीच्या ग्रोटोजवळ, मूर्तीच्या त्या दगडी गुहेसमोरच्या बाकावर बसले होते. मी विचारलं, "कसं झालं?"

"घरी सोड," एवढंच म्हणाले. मला वाटलं, दमले असतील.

मी उमेळ्याला राहते. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला, येऊन जा म्हणून. पापडीच्या घराच्या ओट्यावर ते खुर्ची टाकून बसले होते, समोर चहा तसाच निवलेला.

"त्या मुली ब्रश तोंडात घालायच्या म्हणालीस," ते म्हणाले. "सगळ्याच?"

"बहुतेक सगळ्याच. त्यांना तसंच शिकवलं होतं."

"ती पण घालायची."

"कोण?"

"तुझी आत्या. घरी स्वयंपाकघरात बसून मला दाखवायची, कसं टोक काढतात ते. असं." त्यांनी सुरकुतलेले ओठ आवळून अंगठा आणि बोट तिथे नेलं.

आत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. ती गेली तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. मागच्या खोलीत गालावर मऊ फडकं धरून बसलेली, पेज पिणारी बाई, एवढीच मला आठवते. कधी मला पाटीवर मोर काढून द्यायची. आम्हा मुलांना तिच्याजवळ फार वेळ बसू देत नसत, कारण खोलीला वास यायचा. दाढ काढली आणि ती चिघळली, असं मोठी माणसं सांगत. आजारपणाआधी मुंबईला घड्याळाच्या कंपनीत होती म्हणत, आणि मग लग्न झालंच नाही. घड्याळाची कंपनी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काचेचं कपाट आणि काउंटरमागे उभी असलेली आत्या यायची. तिथे ती नेमकं काय करायची, हे मी कधी विचारलं नाही. आणि त्या तबकडी रंगवणाऱ्या मुलींबद्दल मी दर वर्षी वर्गात सांगत आले होते.

"तिला टीचर व्हायचं होतं," पप्पा म्हणाले. "ट्रेनिंग कॉलेजची चौकशीपण करून आली होती. मी फोर्टात छापखान्यात होतो तेव्हा. वरच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्तीला यायची, जुन्या तबकड्या नव्याने रंगवायचे. त्या शेठला मी म्हटलं, माझ्या बहिणीचा हात फार सुबक आहे. त्याने तिला एक आकडा काढून बघायला सांगितलं. लगेच ठेवून घेतली. मी घरी येऊन आईला सांगितलं, साधंसुधं नाही, रेडियमचं काम आहे. सगळ्या आळीत सांगितलं मी."

मी निवलेला चहा बाजूला सरकवला.

"ती महिनाभर नको नको म्हणत होती. मीच ऐकलं नाही."

"पप्पा, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू काल म्हणालीस, त्या पोरी कोर्टात गेल्या. ते कधी?"

मला उत्तर माहीत होतं. आत्या कामाला लागली त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधी. आत्याचा जन्मही झाला नव्हता.

"ते तिकडे अमेरिकेत, पप्पा. इथे तुम्हाला कुठून कळणार?"

"शेठला?"

"त्यालाही बहुतेक नसेल."

"बहुतेक," ते म्हणाले. मग खुर्ची वाडीकडे वळवून घेतली. मी सुट्टी घेतली होती तरी मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. शेवटी ते म्हणाले, "आजार कदाचित दुसराच असेल. दाढेचाच. तुझ्या कॉलेजात ते टिकटिक करणारं यंत्र आहे ना?"

गायगर काउंटरबद्दल मीच त्या व्याख्यानात सांगितलं होतं.

आमच्या दफनभूमीत जागा कमी. काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी पेटीत घालून मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि वर नावाची संगमरवरी फरशी बसवतात. आत्याही तिथेच आहे, आजीआजोबांच्या शेजारी. पप्पांना काय हवंय ते मला कळलं आणि मी सरळ नाही म्हटलं. मेलेल्या माणसाला त्रास कशाला द्यायचा, परवानगी मिळणार नाही, यंत्र बाहेर नेता येत नाही, जे सुचलं ते सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की मला उत्तर ऐकायचं नव्हतं. ते काय असणार, हे काल सभागृहात मी स्वतःच सगळ्यांना सांगून बसले होते.

पप्पा परस्पर फादरांकडे गेले. फादरांनी मला फोन केला. "तुमचे वडील दोनदा येऊन गेले. अस्थी बाहेर काढायच्या नाहीत, फक्त फरशी काढून पेटीजवळ यंत्र धरायचं असेल तर माझी हरकत नाही. त्यांना झोप लागत नाही म्हणतात."

मग मी कॉलेजातून रीतसर सांगून काउंटर आणला.

दुपारची वेळ होती. गवंड्याने हळूहळू छिन्नी मारून फरशी सैल केली आणि फादरांनी त्याला लांब उभं राहायला सांगितलं. त्यांनी छोटी प्रार्थना म्हटली. पप्पांनी टोपी काढून हातात धरली. मी आधी कोनाड्यापासून दूर, विहिरीपाशी जाऊन यंत्र सुरू केलं. टिक. थोड्या वेळाने पुन्हा टिक.

पप्पांचा चेहरा पडला. "आहे," ते म्हणाले.

"नाही नाही, हे सगळीकडेच असतं. दगडात असतं, मातीत असतं, आकाशातून येतं. आपल्या अंगातही थोडं असतं. याच्यापेक्षा जास्त वाजलं तरच." हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते त्याच आवाजात सांगितलं, आणि पप्पांनी त्या मुलांसारखीच मान हलवली. क्षणभर त्यांना आशा वाटली असावी. ती मी दिली होती.

मग मी यंत्राची नळी कोनाड्यात पेटीजवळ नेली.

टिकटिक एकदम दाट झाली. पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर पडायला लागावेत तशी. मी नळी मागे घेतली, ती विरळ झाली. पुन्हा नेली, पुन्हा दाट. शेजारच्या आजीच्या कोनाड्याच्या फरशीवर धरून बघितली, तिथे नेहमीसारखी विरळ. वर्गात मी हे असंच करून दाखवते, फरक ठसावा म्हणून. माझे हात सवयीने तेच करत होते, आणि ते लक्षात आलं तेव्हा मी यंत्र बंद केलं.

फादर खाली बघत होते. पप्पांनी पेटीवर तळहात ठेवला. मी म्हणाले, "हात नका लावू." लगेच जाणवलं, तेवढ्याने त्यांना काहीही होणार नव्हतं. मी काय बोलतेय मलाच कळत नव्हतं.

"किती दिवस राहील हे?" त्यांनी विचारलं.

"पप्पा, घरी जाऊया."

"सांग ना. तुला येतं."

"सोळाशे वर्षांनी निम्मं होईल."

ते हात तसाच पेटीवर ठेवून आमच्या घरच्या बोलीत आत्याला हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी पुढेही झाले नाही. गवंड्याने फरशी परत बसवली.

परत येताना रिक्षात मी त्यांना पुन्हा सांगायला गेले की यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी मधेच थांबवलं. "मला माहीत आहे, बाय. मला माहीत नव्हतं हेपण मला माहीत आहे. पण नेलं मीच ना."

फादरांनी त्यांना नंतर बरंच समजावलं. पाप समजून-उमजून केलं तर पाप, नाहीतर नाही, असं म्हणाले. पप्पांनी ऐकून घेतलं. इतक्या वर्षांत ते आत्याबद्दल बोलायचे तेव्हा तिच्या चित्रांबद्दल, तिच्या हट्टाबद्दल, आणि दुर्दैवाने आलेल्या आजाराबद्दल बोलायचे. आता दुर्दैव हा शब्द त्यांनी सोडून दिला. तो मी त्यांच्याकडून काढून घेतला. त्यांच्याजवळ जी काही वर्षं उरलीत, त्यांत ते हे न कळताही सुखाने राहिले असते. आत्यालाही त्याने काही फरक पडला नसता. खरं ते खरं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना आजही सांगते, पण त्या मुलींचं मी सभागृहात जे सांगितलं ते खऱ्यासाठी नव्हतं. लोकांचा श्वास अडकावा म्हणून सांगितलं होतं.

तिसरं व्याख्यान सोन्याच्या पातळ पत्र्याचं, म्हणजे अणूच्या मधोमध केंद्र असतं हे कसं कळलं त्याचं होतं. ते दिलं. चौथंही दिलं. पप्पा दोन्हींना आले नाहीत, आणि मी त्यांना बोलावलं नाही.

आता रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की ते दफनभूमीकडे जातात. मी त्यांच्याबरोबर चर्चला जाते म्हणून एकदा मागोमाग निघाले, तर त्यांनी वळून हात दाखवला, तू थांब म्हणून. रागाने नाही. तेव्हापासून मी गेटापाशी उभी राहते. ते भिंतीजवळ कधी लवकर आटपतात, कधी खूप वेळ लावतात. आल्यावर माझा दंड धरून पायरी उतरतात आणि विचारतात, "बाजारात मासळी आली असेल का अजून?" मी म्हणते, बघूया. आणि आम्ही बाजाराकडे वळतो.