यूसुफचाचांचा पाचवा दिवस

थांबा, आधी माझं ऐका! यूसुफचाचांच्या पंच्याहत्तरीच्या सत्काराला तुम्हा मंडळवाल्यांना त्यांच्याकडून यर्मूकची लढाई हवी, तीही फक्त सहावा दिवस, जेवणाआधी अर्धा तास. विजयाचा भाग तेवढा. का?

मी चाचांना पहिल्यांदा भेटलो तो पँटपीस घ्यायला. ओमानला येऊन सोहारच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो. मस्कतजवळच्या मत्रह बाजारातल्या त्यांच्या कापडदुकानात, काउंटरवर, कापडाचे तागे दोन रांगांत मांडलेले. एकीकडे अरब, दुसरीकडे रूमी म्हणजे पूर्व रोमन, मागची फट म्हणजे दरी. चौदाशे वर्षांपूर्वी अरबांनी रूमी साम्राज्याला सीरियाकडे हरवलं, ती ही लढाई. सहा दिवस चालली. चाचा ती सहा शुक्रवारी सांगतात, एका शुक्रवारी एक दिवस.

"जिंकलं कोण?" मी विचारलं.

"क्रिकेटचा स्कोर विचारतोस काय रे? बस खाली. आज पहिला दिवस."

एकही दिवस चुकवायचा नाही ही शिस्त कडक, पण दूरच्या रुस्ताक गावातल्या एका शिंप्याला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा चाचा तागे गाडीत घालून तिकडे गेले आणि त्याच्या शिलाई मशीनशेजारी तिसरा दिवस लावून आले. माझे वडील वारले, मला घरी जायला विमानाचं तिकीट मिळेना, त्या शुक्रवारी त्यांनी लढाई बंद ठेवली. माझ्याशेजारी नुसते बसून राहिले.

चौथ्या दिवशी बाणांनी कितीतरी जणांचे डोळे गेले. हे सांगताना चाचा पूर्वी डोळे मिटून घ्यायचे. आता मिटावे लागत नाहीत. दरीची फट ते बोटांनी चाचपतात.

पाचव्या दिवशी रूमी तहाचं बोलायला आले. नकार मिळाला. सहाव्या दिवशी पळताना ते दरीत पडले.

"पाचव्यालाच थांबता आलं असतं रे," चाचा दर वेळी म्हणतात.

"पण चाचा, आपण जिंकलो ना?" कोणीतरी विचारतंच.

"जिंकलो. दरीत पडले ते कोणाचे होते, ते सांग आधी."

तुम्हाला त्यांनी एवढंच कळवलं होतं, "पाचवा न ऐकता सहावा ऐकलात, तर टाळ्या वाजवाल." तुम्ही हसलात. चाचा हट्टी झालेत, म्हणालात.

पुढच्या आठवड्यात ते कायमचे रत्नागिरीला जाताहेत. दुकान खलास. गेल्या शुक्रवारी पाचव्या दिवसाला मी एकटाच होतो, तरी चाचा तेवढंच सावकाश बोलले.

चाचांना उदंड आयुष्य मिळो, डोळ्यांत उरलाय तेवढा उजेड टिको, आणि गावी कोणीतरी पहिल्या दिवसापासून बसणारं भेटो. शाल तुम्ही घालालच.

आज शुक्रवार, दुकानात सहावा दिवस आहे. तागे लावायला त्यांना हात हवा. सत्कारासाठी तुम्ही मागितलेला हा लेख टेबलावर ठेवलाय. मी मत्रहला निघालो.