एका चुलीची एक सुपारी

आमच्या गावात निवडणुकीच्या आधी एक निवडणूक होते, आणि खरी भांडणं तिच्यावरून होतात. गाव लहान, प्रभाग मोठा. नव्या इमारतींच्या रांगांमध्ये आमच्या केळीच्या बागा आणि पानवेली कुठे आहेत, हे परक्या माणसाला विचारतच यावं लागतं. गावातून दोघं-तिघं उभे राहिले की मतं फुटतात आणि कुणीच येत नाही, हे आमच्या जुन्या मंडळींना लवकर कळलं. म्हणून पद्धत पडली. अर्ज भरायच्या आधीच्या रविवारी सकाळी इच्छुकांनी गावदेवीच्या देवळात यायचं, पायरीवर उभं राहून बोलायचं आणि गावाने त्यांतून एकच उमेदवार निवडायचा. प्रत्येकापुढे एक ताम्हण ठेवतात. एका चुलीला एक सुपारी. घरातल्या कर्त्याने उठून सगळ्यांदेखत ती ज्याच्या ताम्हणात ठेवायची त्याच्या ठेवायची. ठेवलेली सुपारी उचलायची नाही. जे हरतील त्यांनी तिथल्या तिथे जिंकलेल्यासाठी बोलायचं आणि पुढे त्याचाच प्रचार करायचा. हे झालं की मग पक्षवाले तिकीट घेऊन दारात येतात.

मी स्वतः कधी उभा राहिलो नाही. माझा स्वभाव तापट, तोंड फटकळ. मला माझ्या घरच्यांनीसुद्धा मत दिलं नसतं. पण कोण येणार ते मला आधी कळतं, असा गावात समज आहे आणि तो मी कधी खोडून काढलेला नाही. माझी युक्ती साधी आहे. सभेत मी व्यासपीठाकडे बघत नाही. मागे जनरेटरपाशी उभा राहतो आणि ऐकणाऱ्यांचे पाय बघतो. भाषण लागू पडत असलं की पाय जागच्या जागी असतात. नाहीतर चपला चाळवायला लागतात. टाळ्या सवयीनेही वाजतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

हा नाद माझ्या पुतण्यालाही लागला. तो आता अमेरिकेत असतो. तिकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की भाषणांचे तुकडे मला फोनवर पाठवतो. तिकडे आधी एकाच पक्षातले पाच-सात जण आपसांतच लढतात. एक मूठ आपटून बोलतो, एक घरच्या गोष्टी सांगत बोलतो, एखादी बाई गणित समजावून द्यावं तसं बोलते. पक्षातली कडवी माणसं ज्याच्यावर खूश, तो पुढे बाहेरच्या लोकांसमोर आपटायची भीती. आणि बाहेर जो चालेल, त्याला पक्षात फारसं कुणी विचारत नाही. "काका, हे तर आपल्या देवळासारखंच," पुतण्या म्हणायचा. कोण चांगलं बोलतं आणि कोण निवडून येईल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगायचो. भांडण दुसऱ्याच्या घरातलं होतं, त्यामुळे मला फार मजा यायची.

हा पुतण्या म्हणजे माझ्या वहिनीचा मुलगा. मोठा भाऊ गेल्यापासून घरात आम्ही तिघंच: मी, माझी बायको आणि वहिनी. चूल एकच.

महापालिकेची निवडणूक कितीतरी वर्षं रखडली होती. ती एकदाची जाहीर झाली आणि आमच्याकडची जागा महिलांसाठी राखीव निघाली, तेव्हा आम्ही दुपारचं जेवत होतो. वहिनीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "या टायमाला मी उभी ऱ्हानार."

बायको भाकऱ्या करत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. "मीसुद्धा ठरवलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला आज सांगणारच होते."

तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी हललं नाही. शेवटी मीच गॅस बंद केला.

त्या दिवसापासून घरात सगळं पूर्वीसारखंच चालू राहिलं आणि त्याचाच मला ताण यायला लागला. दोघी एकत्र भाजी निवडत होत्या, एकमेकींना चहा देत होत्या, आणि सुपारीचा विषय कुणी काढत नव्हतं. इच्छुक तीन होत्या. तिसरी माजी सरपंचांची सून. पण ती बोलायला लागली की माणसं घड्याळ बघतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरी लढत आमच्या स्वयंपाकघरातच होती.

वहिनी पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावातून सून म्हणून आली. मी तेव्हा शाळेत होतो. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. बोलताना ती भांडल्यासारखी बोलते, मध्येच प्रश्न विचारते आणि समोरचा उत्तर देईपर्यंत गप्प उभी राहते. आमच्या ओढ्यात राडारोड्याचे ट्रक रिकामे व्हायला लागले तेव्हा ती एका ट्रकपुढे खुर्ची टाकून बसली होती, आणि ड्रायव्हरला तिने जे सुनावलं ते गावात अजून सांगतात. बायको मुंबईची. विमा कंपनीतली नोकरी सोडून ती समोरच्या इमारतींमधल्या मुलांच्या शिकवण्या घेते. तिचं हिंदी चांगलं आहे. ती हात न हलवता बोलते, एक मुद्दा संपवूनच दुसरा घेते, आणि रस्ता का होत नाही एवढंच न सांगता कुठल्या टेबलावर काय अडलंय तेही सांगते. इमारतींमधल्या बायका तिला मॅडम म्हणतात. वहिनीला त्या ओळखतसुद्धा नव्हत्या.

माझा हिशेब पहिल्या दिवशीच झाला होता. गावात वहिनी, प्रभागात बायको. पण वहिनीला गावाने पुढे केलं तर आम्ही पडणार, आणि बायकोला पुढे करायचं तर आधी गावाने तिला निवडायला हवं.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं काढत होतो, तिथे वहिनी आली. बांधावर बसली.

"तू लोकांना सांगतस, कोन येनार नि कोन पडनार," ती म्हणाली. "मला सांग. मी येन का?"

"देवळात येशील," मी म्हणालो.

"नि बाहेर?"

मी कोयती पुसत बसलो. खोटं बोलणं मला जमत नाही, हा गुण म्हणून मी आयुष्यभर मिरवला. त्या वेळी तो नसता तर बरं झालं असतं. "बाहेर कठीण आहे," मी म्हणालो. "इमारतींना तुझं बोलणं कळायचं नाही."

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. "जल्मभर मी ह्यांची बायको," ती म्हणाली. "मंग पोराची आई. मंग तुजी वहिनी. एकदा तरी माजं नाव पाटीवर लागूं दे, बाबा. पडले तरी चालंल, पन गावानं मला उभी केली असं होऊं दे." मग उठताना म्हणाली, "घरात मोटी मी. पन सुपारी तुज्या हातात."

बायकोने मला काहीच विचारलं नाही. मीच संध्याकाळी विषय काढला, तर म्हणाली, "अहो, माझ्यासाठी ठेवा असं मी म्हणणार नाही. पण वहिनींना वाईट वाटेल म्हणून त्यांना ठेवणार असाल तर तसं आधी सांगा. मग मी उद्या बोलतच नाही." मी तिच्यावर खेकसलो की घरात मला जगू द्याल की नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभा मी.

रविवारी देवळाचं अंगण भरून गेलं होतं. मी नेहमीसारखा मागे गेलो. आधी सरपंचांची सून मोबाईलमध्ये बघून बोलली. मधेच मोबाईलचा उजेड गेला आणि तो परत येईपर्यंत ती "आणि म्हणून... आणि म्हणून..." करत राहिली. चपला चाळवायला लागल्या.

मग वहिनी. तिने पदर खोचला. "तुमच्या घरात पानी कवा येतं ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "नि कोनाच्या नळाला मोटार लावलीय, ते बी ठावं हाय. नाव सांगूं का?" माणसं हसली, दोघं-तिघं मात्र हसले नाहीत. "सांगत नाय. निवडून आले तर आदी माज्या घरची मोटार काढीन." आमच्या नळालाही मोटार आहे, हे तिने भर देवळात सांगून टाकलं. मी खाली बघितलं. अंगणातला एकही पाय हलत नव्हता.

शेवटी बायको. तिने आवाज मुद्दाम चढवला नाही. "वहिनींसारखं मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "पण आपण इथे एकमेकांना आवडायला जमलेलो नाही, निवडून यायला जमलोय. गावाची मतं थोडी आहेत. इमारतींची मतं कोण आणेल, एवढंच तुम्ही ठरवा." पुढे ती ओढ्यावर बोलली, टँकरवर बोलली, आणि मोजक्या वेळात थांबली. टाळ्या कमी पडल्या. पण मागे उभी असलेली तरुण मंडळी बोलता बोलता पुढे सरकली होती, आणि पुढे सरकलेले पाय मी फार कमी वेळा पाहिलेत.

सुपाऱ्या सुरू झाल्या. आळीआळीने घरं पुकारतात. आमचं घर ओढ्याकाठी, शेवटचं. सरपंचांच्या सुनेपुढे त्यांची भावकी उठली आणि संपली. उरलेल्या दोन ताम्हणांमधले ढीग बघून काही सांगता येत नव्हतं. एकेक माणूस उठत होता, सुपारी ठेवत होता आणि परत फिरताना माझ्याकडे बघत होता. माझ्या हातातली सुपारी घामाने ओली झाली होती. आमचं घर पुकारलं गेलं तेव्हा कुणीतरी हसलं, आणि मला त्याला मारावंसं वाटलं.

मी चालत गेलो. दोघी पायरीवर शेजारी शेजारी उभ्या होत्या. वहिनी माझ्याकडे बघत होती, बायको देवीकडे. मला त्या क्षणी भावाची आठवण यायला हवी होती. आठवला तो फोनमधला कुठलासा अमेरिकन माणूस: घरच्यांना खूश करून बाहेर हरायचं असेल तर उभंच कशाला राहायचं, असं काहीसं बोलणारा. मी सुपारी बायकोच्या ताम्हणात ठेवली.

पुजाऱ्याने मोजल्या. बायको एका सुपारीने पुढे होती.

अंगणात कुजबुज उठली आणि विरली, कारण वहिनी पुढे झाली होती. हरलेल्याने बोलायचं, ही पद्धत. बहुतेक जण "गावाचा निर्णय मान्य" एवढंच पुटपुटून खाली उतरतात.

"माज्या घरातनं एक सुपारी निगाली," वहिनी म्हणाली, "नि ती मला नाय पडली. मला राग आलाय. देवीम्होरं खोटं कशाला बोलूं? लय राग आलाय." तिचा आवाज कापत होता आणि तो लपवायचा तिने काहीच प्रयत्न केला नाही. "पन तो माज्या घरचा राग हाय, तो मी घरी न्हेते. तुमी तो घेऊं नका. मत हिलाच द्या. ही कामाची हाय. मी हिच्यासंगं जेवते, मला ठावं हाय."

तिने हळदीकुंकवाची वाटी उचलली आणि बायकोला कुंकू लावलं. बायको तिच्या पाया पडायला वाकली, तर वहिनीने तिला धरून उभी केली. त्या दिवसातलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं. ते आधी झालं असतं तर ताम्हणं वेगळी भरली असती, हे सगळ्यांनाच कळत होतं. पण ठेवलेली सुपारी उचलायची नसते.

वहिनीने शब्द पाळला. प्रचारभर ती बायकोबरोबर जिने चढली. बायको हिंदीत मुद्दे सांगायची आणि वहिनी आपल्या बोलीत पाणीवाल्यांना शिव्या घालायची. कुठल्या कुठल्या राज्यांतून आलेल्या बायका दारात उभ्या राहून तिचं ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि तिला आत बोलवायच्या. इमारतींना तिचं बोलणं कळायचं नाही, हे माझं म्हणणं मी कुणाला परत सांगितलं नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलत होती. मला वाटलं, निवडणूक संपली की रागही ओसरेल.

बायको निवडून आली. चांगल्या मतांनी आली. लोकांनी गुलाल उधळला आणि माझी पाठ थोपटली. "तुम्ही बरोबर ओळखलंत," म्हणाले. मी हो म्हणालो, कारण ते खरंच होतं.

मिरवणूक दारात सोडून आम्ही दोघं आत आलो, तेव्हा वहिनी घरात नव्हती. मागच्या पडवीत उजेड होता. तिथे एक नवी शेगडी, सिलिंडर आणि तिच्या माहेरची चार भांडी मांडलेली होती. शेगडीवर माशांचं कालवण होतं आणि वहिनी ते ढवळत होती.

"वहिनी, हे काय?" मी विचारलं.

"चूल," ती म्हणाली.

"अगं, पण तुला काय कमी पडलं आमच्यात?"

तिने गॅस बारीक केला. "एक सुपारी," ती म्हणाली. "पुडल्या येळेला माज्या चुलीची मी ठेवीन. कोनाला ठेवायची ते माजं मी बगीन." आवाजात राग नव्हता. बायको गळ्यातल्या हारांसकट दारात उभी होती. तिला रडू आलं.

थोड्या वेळाने पुढच्या दाराची कडी वाजली. वहिनी बाहेरून, अंगणातून फिरून आली होती. तिच्या हातात झाकलेली वाटी होती. "कालवन केलं, म्हनलं तुमाला द्यावं," असं म्हणून तिने वाटी बायकोच्या हातात दिली आणि ती आल्या वाटेने परत गेली. इतक्या वर्षांत ती त्या दाराची कडी वाजवून कधी आली नव्हती.

आम्ही ते कालवण खाल्लं. बायकोने वाटी घासली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत देत नाहीत, म्हणून तिने तीत साखर भरली आणि मला देऊन या म्हणाली. मी मागच्या पडवीत गेलो. वहिनी पाटावर बसून एकटीच जेवत होती. तिने वर बघितलं, उजव्या हाताने ताट जरा बाजूला सरकवलं आणि डाव्या हाताने मला खुर्ची दाखवली.

"या," ती म्हणाली, "बसा."