बीपीचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सिन्नरच्या गल्लीत वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटतात. घरोघरी त्या डब्यांचे ढीग झालेत. यंदा माझ्या सासूबाईंना वेगळंच सुचलं. "औंदा डबा नाय. माझी सून समद्या बायांचा बीपी मोजणार. नर्स झालीय ती!" असं त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

आणि मी आठवड्यापूर्वीच नर्स म्हणून नोंदणी करायला मुंबईला जाऊन आले होते. नर्सिंग कौन्सिलच्या खिडकीतल्या बाईंनी माझी पदवी उलटून-पालटून पाहिली. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, नोंदणी झालेली नर्स पुढचं शिक्षण घरबसल्या घेऊ शकते, पण मुळात नर्स घरबसल्या होता येत नाही. वॉर्डात, शिकवणाऱ्यांच्या नजरेखाली काम केलेलं लागतं. नोंदणी नाही, म्हणजे नर्स नाही. परराज्यातल्या एका संस्थेने मला पुस्तकं पोस्टाने पाठवली, परीक्षा घेतली, फोटोपुरता काळा झगासुद्धा दिला. इतकी वर्षं भाकरी थापता थापता मी शरीराची हाडं पाठ केली, पण ही पदवी चालते का, एवढं विचारायचं सुचलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय! घरी कुणालाच सांगितलं नाही. सासूबाईंपुढे तर तोंडच उघडेना. मला अभ्यासाला बसता यावं म्हणून माझी दोन्ही पोरं त्यांनी वाढवली होती.

त्या दिवशी बायका बांगड्या वर सारून ओळीने बसल्या. बीपी काय, कुणीही बघतं, त्यात गुन्हा नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण कुणी "सिस्टर, नीट बघा हं" म्हटलं की कानशिलं तापायची. सासूबाईंना मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं.

शेजारच्या काकूंच्या दंडाला पट्टा बांधला, तशा त्या म्हणाल्या, "आमची धाकटी बारावी होऊन घरीच हाय. तुझ्याच संस्थेत नाव घालतोय तिचं. उद्या पैसे भरायचेत. चांगलं हाय ना?"

गप्प बसले असते तर माझी अब्रू राहिली असती आणि त्या पोरीची वर्षं गेली असती.

"काकू, नका घालू," मी म्हणाले, आणि मुंबईत ऐकलं ते सगळं सांगून टाकलं. बोलताना नजर वर करवत नव्हती.

काकूंनी पट्टा स्वतःच ओढून काढला. "तुझं झालं, आता आमच्या पोरीचं नको का?"

हळदीकुंकवाचं तबक घेऊन सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. 'मस्करी करती ती' म्हणून त्या हसून वेळ मारून नेतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तशी आशाच होती, आणि तिचीही लाज वाटते.

त्यांनी तबक खाली ठेवलं. "खरं बोलती ती. माझ्या सुनेची लाज मी चारचौघींत उगाच काढीन का? पोरीला तिथं घालू नका."

नंतर कुणी दंड पुढे केला नाही. तिळगूळ घेऊन बायका एकेक करून उठल्या. जाताना काकूंनी हलक्या आवाजात, "बरं झालं सांगितलंस," म्हटलं, पण माझ्याकडे न बघता.

घर रिकामं झालं, तशा सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "मला आधी सांगायचं. मी गल्लीभर नाचले नसते," एवढंच म्हणाल्या. मग बांगड्या वर सारून दंड पुढे केला. "बघ आता माझा. घरातल्या घरात चालतंय ना?"

मी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा एकदा पाहिलं. दोन्ही वेळा बीपी खूप जास्त निघाला, आणि तो कशाने वाढला हे सांगायला मला कुठल्याच नोंदणीची गरज नव्हती.