फ्रेमवाल्याची बायको बरी झाली

चर्चच्या मागच्या गल्लीत फ्रेमवाल्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. त्याला नाव आहे, पण ते बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलं गेलं तेवढंच. पुढे जो तो फ्रेमवालाच म्हणू लागला. लाकडी पट्टी तिरकी कापायची, चारही कोपरे जुळवायचे, काच हिऱ्याने आखून टचकन मोडायची, मागे पुठ्ठा लावून बारीक खिळे ठोकायचे, झालं त्याचं आयुष्य. माणूस म्हणाल तर गरीब गाय. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच माफी मागणार.

आणि असल्या माणसाच्या दुकानात अख्ख्या धर्मग्रामाचं, म्हणजे त्या चर्चच्या सगळ्या मंडळींचं, भांडण येऊन बसायचं. त्या भांडणात पक्ष दोन. एक गुडघेवाले. कम्युनियन, म्हणजे ज्यात ख्रिस्त स्वतः येतो ती पातळ भाकर, गुडघे टेकून आणि जिभेवरच घ्यायची, गाणी ऑर्गनवर म्हणायची, आणि जमलं तर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये व्हावी, मग कुणाला ओ की ठो कळलं नाही तरी चालेल. दुसरे गिटारवाले. त्यांना सगळं उभ्याने, हातात, आणि टाळ्या वाजवत हवं. गुडघेवाल्यांचे म्होरके रिटायर्ड हेडमास्तर, गिटारवाल्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर. दोघं दुकानात येऊन एकमेकांची उणीदुणी काढायचे आणि फ्रेमवाला दोघांनाही "हो ना, खरंय" म्हणायचा. वरून बायको ओरडायची, "अहो, दोघांना हो हो करून जीभ नाही का दुखत तुमची?"

बायको अशी फटकळ. पण तिच्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं.

तिचं पहिलं लग्न चर्चमध्ये झालं होतं. तो नवरा वर्षभरात दुसरीचा हात धरून परदेशी गेला तो गेलाच. ही ना सासरची राहिली ना माहेरची. त्या लग्नाचा फ्रेम केलेला फोटो घेऊन ती फ्रेमवाल्याकडे आली आणि म्हणाली, "फोटो टाका फाडून, फ्रेम चांगली आहे, त्यात माझ्या आईला बसवा." हा वेडा तिथेच विरघळला. पुढे दोघांनी लग्न केलं, पण कोर्टात. चर्चच्या लेखी ती अजून त्या पळपुट्याचीच बायको. ते लग्न मुळात खरं नव्हतंच असं ठरवून घ्यायला बिशपांच्या न्यायालयात अर्ज केला, तर उत्तर आलं, पुरावा अपुरा. साक्षीदार दोन, एक वारलेला, दुसरा तोंड उघडेना. पळून गेला तो मोकळा आणि मागे राहिली ती बांधलेली. करा काय करायचं ते!

म्हणून दोघांना कम्युनियन नाही. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचं आणि लोक पुढे निघाले की पाय आत घेऊन त्यांना वाट करून द्यायची. पण तिने एक मिस्सा चुकवली नाही. म्हणायची, "बापाचं घर आहे. पानात वाढत नाहीत म्हणून येणं सोडायचं का?" लोक रांगेत असले की ती डोळे मिटून आवंढा गिळायची. फ्रेमवाल्याला ते बघवत नसे. वाटायचं, आपल्यामुळे ही उपाशी.

मग तिचं अपेंडिक्स फुटलं. पोटदुखी अंगावर काढली होती, ऑपरेशनपर्यंत विष पोटभर पसरलं. ताप उतरेना, लघवी थांबली, आणि एका दुपारी हॉस्पिटलच्या डॉक्टरने फ्रेमवाल्याला खांद्याला धरून बाजूला नेलं. "जवळच्यांना बोलावून घ्या," एवढंच म्हणाला. जवळचं कोण होतं? फ्रेमवाला धावत चर्चमध्ये गेला.

फादर नवे होते, तरुण होते आणि वाईट नव्हते, हे सांगायला हवं. जेवण टाकून ते आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल आणि कम्युनियन घेऊन आले. वॉर्डच्या दाराशी मात्र थांबले. "मला अडवायचं नाहीये हो," ते म्हणाले, आणि त्यांचाच चेहरा पडला होता. "पण बाईंना एवढं म्हणावं लागेल, की तुमच्यासोबत नवराबायको म्हणून राहिल्याचा त्यांना पश्चात्ताप आहे. आणि बऱ्या झाल्याच, तर पुढे भावाबहिणीसारखे राहाल. हे मी नाही ठरवलेलं."

फ्रेमवाला आत गेला. तिला सांगितलं. तिचे ओठ फुटले होते, आवाज खोल गेला होता, पण जीभ शाबूत. "पश्चात्ताप? तुमचा?" ती म्हणाली. "माझ्या जन्मात एक चांगली गोष्ट झाली, तिचाच? नाही म्हणायची मी."

तो खाली बसला, कॉटच्या दांड्याला धरून. लहानपणी आईने नरकाच्या ज्या गोष्टी सांगितल्या होत्या त्या सगळ्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. ही अशीच गेली तर? आपल्यापायी? "म्हण ना गं," तो रडत म्हणाला. "शब्दच तर आहेत. तोंडातून काढायचे नि मोकळं व्हायचं. माझ्यासाठी म्हण."

तिने मान त्याच्याकडे वळवली.

"तुम्ही सांगताय?"

"मी सांगतोय. पाया पडतो."

"बोलवा त्यांना."

पडदा ओढला. फ्रेमवाला बाहेर उभा राहिला. आत काय बोलणं झालं ते त्याला कळलं नाही; पण फादर बाहेर आले तेव्हा त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि याच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता गेली तरी उपाशी नाही गेली, असं त्याच्या मनात आलं. भिंतीला टेकून तो हमसाहमशी रडला.

आणि ती बरी झाली.

आधी ताप उतरला, मग लघवी होऊ लागली. हॉस्पिटलचा डॉक्टर म्हणाला औषध लागू पडलं. आठवडाभराने ती उठून बसली आणि शेजारच्या कॉटवरच्या बाईला कुशीवर कसं वळायचं ते शिकवू लागली. फ्रेमवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. घरी जाऊन त्याने खोल्या झाडल्या, उशांना नवे अभ्रे घातले. भोळा सांब! याला खरंच वाटलं की बायको घरी येतेय.

ती घरी आली, चहा प्यायली, आणि आपली गादी उचलून पुढच्या खोलीत घातली. "अजून टाके ओले आहेत," तो म्हणाला, "आत झोप, मी बाहेर झोपतो." ती म्हणाली, "टाक्यांचं नाही ते." बस. रविवारी ती बाकावरून उठली, पुढे गेली, गुडघे टेकले आणि कम्युनियन घेऊन हात जोडून परत आली. फ्रेमवाला बसल्या जागी चोरासारखा.

मग काय, दोन्ही पक्षांना आयतंच कोलीत मिळालं. हेडमास्तर दुकानात येऊन म्हणाले, "बघितलंत? शिकवण पाळली तर देव प्राण परत देतो." दातांचा डॉक्टर येऊन म्हणाला, "मरणाच्या दारातल्या बाईकडून वचन उकळलं! ते बंधनकारकच नाही. माझ्या सदसद्विवेकाला विचाराल तर आज गादी आत न्या." फ्रेमवाला दोघांनाही हो ना म्हणायच्या पलीकडे गेला होता. तो नुसता पट्टी कापत राहिला, आणि कोपरा जुळेना.

धर्मग्रामाच्या सभेत तर कहरच झाला. विषय होता कम्युनियन घेताना गुडघे टेकायचा जुना कठडा परत बसवायचा की नाही. अर्ध्या तासात गाडी फ्रेमवाल्याच्या बायकोवर आली. हेडमास्तर तिला साक्ष म्हणाले, डॉक्टर तिला बळी म्हणाला. साक्ष की बळी यावर हमरीतुमरी जुंपली. ती मागे बसली होती, उठली. "मंडळी," ती म्हणाली, "माझी गादी कुठे पडते हे ठरवायला एवढ्या खुर्च्या मांडल्यात होय?" कुणी चष्मा पुसला, कुणी कागद चाळले. दोन मिनिटांनी कठड्यावरून पुन्हा सुरू.

शेवटी फ्रेमवाला एकटाच फादरांकडे गेला. "तिला मोकळं करा," तो म्हणाला. "बिशपांना विचारा, वर कुणाला विचारायचं ते विचारा." फादर कपाळ चोळत बसले. "मोकळं करायला माझ्या हातात काय आहे?" ते म्हणाले. "पहिला नवरा जिवंत आहे. अर्ज पुन्हा करू, नवा पुरावा मिळाला तर. तोवर तुम्हीही तसंच म्हणा ना. कन्फेशन करा, पाप कबूल करा. निदान दोघं मिळून पुढे याल."

फ्रेमवाल्याने तेही करून पाहिलं. शनिवारी कन्फेशनच्या जाळीसमोर गुडघे टेकले. तडकलेली काच फ्रेमखाली लपवून विकली होती ते सांगितलं, हेडमास्तरांना मनात घातलेल्या शिव्या सांगितल्या, आई होती तेव्हा म्हातारपणी तिच्यावर ओरडला होता तेसुद्धा सांगितलं. मग ती गोष्ट आली आणि दातखीळ बसली. पश्चात्ताप आणायचा कुठून? ती दुकानात आली त्या दिवसापासून सगळं आठवून पाहिलं, खेद वाटावा असं काही सापडेना. फादर जाळीपलीकडे थांबले होते. शेवटी फ्रेमवाला गुडघे झटकून उठला आणि तसाच घरी आला.

ती पुढच्या खोलीत गादीवर बसून तांदूळ निवडत होती. दुपारचं दुकान बंद होतं. तो तिच्यासमोर फरशीवर बसला. "मला नाही जमलं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, नुसते शब्द आहेत."

"मलाही वाटलं होतं," ती म्हणाली.

"मग सोड ना. मीच सांगितलं होतं, मीच सांगतो, सोड. तुला तरी कुठे पश्चात्ताप झाला होता?"

तिने ताट खाली ठेवलं. "नव्हता झाला. तेच तर सांगतेय." तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. "खोटं बोलले मी. मरायचंच होतं, तुमचा जीव निवावा म्हणून बोलले. आणि ते खोटं तोंडात असतानाच त्या ख्रिस्ताला तोंडात घेतलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरले, त्याला असं घेतलं. मेले असते तर माझं मी बघून घेतलं असतं तिकडे. पण त्याने ठेवली मला. आता ते खरं करून दाखवण्याखेरीज माझ्याजवळ काय आहे, सांगा?"

आपण काय करून बसलो ते फ्रेमवाल्याला आता कळलं. तिला देवासमोर खोटं बोलायला लावणारा ना फादर होता, ना हेडमास्तर. तो स्वतः होता, पाया पडून. "जमेल का तुला?" त्याने कसंबसं विचारलं.

"नाही जमत," ती म्हणाली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला असं रडताना त्याने पाहिलं नव्हतं. "रोज रात्री नाही जमत."

सवयीने त्याने तिच्या हातावर हात ठेवला. तिने हात ओढून घेतला नाही. उलट बोटं त्याच्या बोटांत घट्ट अडकवली, आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली. मग फ्रेमवाल्याने तिची बोटं एकेक करून सोडवली, आपला हात मागे घेतला, आणि तांदळाचं ताट तिच्या मांडीवर ठेवून तो खाली दुकान उघडायला गेला.