खोबऱ्याच्या गळ्यातला पिवळा टॅग

कुत्र्याच्या गळ्यात ‘होल्ड’चा पिवळा टॅग अडकवणारा मी चाकण पट्ट्यातला पहिलाच माणूस असेन.

मी कंपनीत रंगवलेले बंपर तपासतो. छटा जरा फिकी वाटली की बंपर मास्टर पीसशेजारी, म्हणजे पास झालेल्या नमुन्याशेजारी धरायचा, शंका आली की पिवळा टॅग लावून बाजूला ठेवायचा. पुढं पाठवायचा की माघारी, ते नंतर. या कामानं माझी नजर अशी तयार झालीय की मी टोमॅटो हातात घेतला की भाजीवाला गाडी पुढं ढकलतो!

माझे साडू बाळासाहेब मोशीचे. त्यांच्याकडं राजा-राणी ही जर्मन शेफर्डची जोडी. राणीला पिल्लं झाली, त्यातलं एक माझ्या लेकीला, चिनूला कबूल होतं. घरी आलं आणि बघतो तर काय, पिल्लू पांढरं! नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पांढरं! चिनूनं नाव ठेवलं खोबऱ्या, आणि त्याच्याशिवाय घास गिळेना.

मी शिफ्टला फोटो दाखवला. लाइनवरचा जाधव बघत राहिला.

“भावा, हा जर्मन शेफर्ड?”

“मग!”

“ह्याला प्रायमर मारूनच सोडलंय राव. वरचा कोट राहिलाच की!”

झालं. घरी येऊन मी खोबऱ्याला खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिलं आणि गळ्यात टॅग बांधला.

“पप्पा, तो बंपर नाहीये!” चिनू किंचाळली.

“म्हणून तर होल्ड. थेट रिजेक्ट केलं का?”

“म्हणजे परत देणार त्याला?”

मी टॅगची गाठ घट्ट केली. तिनं ताट सरकवलं आणि खोबऱ्याला घेऊन पलंगाखाली जाऊन बसली. (तिथून दोघांनाही ओढून काढणं मला जमलं नाही. गुरगुरत दोघंही होते.)

रविवारी मोशीला गेलो. चिनू पिल्लाला छातीशी धरून बरोबर. मी खोबऱ्याला राजा-राणीच्या मधोमध ठेवलं. दोन दोन मास्टर पीस, आणखी काय पाहिजे?

“साडूभाऊ, बाप काळा-तांबूस, आई काळी-तांबूस. मग हा पांढरा कुठनं आला?”

“म्हंजे?”

“नाही, म्हणजे... राणी कधी फाटकाबाहेर वगैरे...”

बाळासाहेब खुर्चीतून असे उठले की खुर्चीच दोन हात मागं गेली.

“दत्ताभाऊ! राणीच्या चालचलणुकीवर शंका? माज्याच दारात हुबं राहून? अवो, घरची लेक हाय ती! फाटक वलांडत न्हाई!”

आत मेहुणीनं चहाखालचा गॅस बंद केला. तो खटका मला अंगणात ऐकू आला.

“चला डॉक्टरकडं! आत्ताच्या आत्ता! राजाला बी घ्या, राणीला बी घ्या!”

निघाली गाडीतून वरात. पुढं ताठ मानेनं बाळासाहेब आणि मांडीवर खोबऱ्याला घेतलेली चिनू. मागं राजा, राणी आणि मधे चेपलेला मी. राणी सगळा रस्ता माझ्याकडंच बघत होती. अब्रूचा प्रश्न होता तिच्या!

डॉक्टरांनी पिल्लाला उलटंपालटं करून पाहिलं. “पांढरा जर्मन शेफर्ड असतो की. आईबाप दोघांत तो रंग दडलेला असला आणि दोघांकडूनही पिल्लात उतरला, तर होतं असं. बऱ्याच डॉग शोमध्ये हा रंग चालत नाही. पण रंगानं जात जात नाही.”

“ऐका!” बाळासाहेब गरजले.

“म्हणजे शंभर टक्के शुद्ध ना?” मी हटेना.

“नुसत्या रंगावरून ‘नाही’ म्हणता येत नाही, तसं ‘हो’सुद्धा. हा काळा-तांबूस असता तर तुम्ही विचारायला आला असता का?”

आयुष्यभर मी वेगळं दिसणाऱ्यालाच अडवलं. जुळणाऱ्याला आत काय आहे, असं कधी विचारलंच नव्हतं.

घरी सगळं ऐकून माझी आई पोट धरून हसली. मग खोबऱ्याला मांडीवर घेऊन म्हणाली, “तू झालास तव्हा सगळ्या भावकीत एकलाच घारा. बाया बाळ बघायला यायच्या अन् एकमेकींकडं बघायच्या. तुझ्या बापानं टॅग लावला व्हता का रे?”

“मग काय म्हणाले आबा?”

“काय म्हणणार! म्हणले, लेकरू भुकेलंय, आधी पाज त्याला.”

मी मुकाट उठलो, खोबऱ्याच्या गळ्यातला टॅग सोडला आणि त्याची दुधाची वाटी भरली. टॅग लागल्यापासून चिनू पहिल्यांदा पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून आलो तर भिंतीवरच्या आमच्या घराण्याच्या फोटोत काळ्याभोर डोळ्यांच्या रांगेत मी एकटा घारा, आणि बरोबर माझ्या हनुवटीखाली तोच पिवळा टॅग.

“चिने, काढ तो.”

“आज्जी म्हणाली, तपासणी चालू आहे.”

खोबऱ्या आमच्याकडं पर्मनंट झाला. मी अजून होल्डवर आहे.